एका ताग्यातली सोळा माणसं

"काका, सोळा माणसं टाकली की हा फॉर्म पुढे सरकतच नाही," पुतणी म्हणाली. "एका खोलीत चार. पाचवा टाकला की लाल अक्षरांत ओरडतो."

"मग चार-चार करून टाक," मास्तर म्हणाले.

"टाकून बघितलं. चार खोल्या, चार वेगवेगळ्या इमारतींत. एक 'जंगल', एक 'समुद्र', एक 'अंतराळ' आणि एक 'राजवाडा'. आणि भाडं बघा."

भाडं तिनं मोठ्यानं वाचलं नाही, फोनच घरभर फिरवला. ज्याच्या हातात फोन जाई तो "बापरे" म्हणे आणि गरम वाटी दिल्यासारखा घाईनं शेजारच्याला देई. फिरत फिरत फोन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या आईपाशी पोचला. आईनं तो लांब धरून नीट वाचला.

"जंगलात अक्का, समुद्रात धाकटा आणि राजवाड्यात मी एकटी," ती म्हणाली. "त्यापेक्षा मी घरीच बरी. वेगळंवेगळं राहायचं तर आपण रोज राहतोच आहोत की."

ते खरं होतं. मुलगी अक्का एका गावाला, धाकटा मुलगा दुसऱ्या, आई थोरल्याकडे म्हणजे मास्तरांकडे, आणि नातवंडं जिथे नोकरी मिळेल तिथे. शहाऐंशी वर्षांच्या आयुष्यात आईनं मुलांकडे काही मागितल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. या खेपेला तिनं मागितलं होतं ते एवढंच, की एकदा सगळ्यांनी मिळून बागेत जायचं आणि सगळ्यांनी एका खोलीत झोपायचं. पूर्वी झोपायचो तसं.

बाग म्हणजे आताचं थीम पार्क. तिन्ही भावंडांच्या लहानपणी तिथे एक आकाशपाळणा, दोन घसरगुंड्या आणि माणसाला पिंपासारखं दाखवणारे आरसे एवढाच कारभार होता. वडील शिंपी. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला ते बिऱ्हाड उचलून दोन दिवस तिथे घेऊन जायचे. मुक्काम एका लांबलचक खोलीत, पत्र्याच्या छपराखाली, ओळीनं मांडलेल्या खाटांवर. निघायच्या आधी वडील एकाच ताग्यातून सगळ्यांचे कपडे बेतायचे, गडद निळं कापड आणि त्यावर बारीक पिवळी रेघ. "गर्दीत हरवलात तर लगेच ओळखू याल," असं ते म्हणायचे. मुलं दिवसभर पाळण्यात बसायची. वडील मात्र एकदाही बसले नाहीत. त्यांना उंचीची भीती होती, असं घरात सगळे मानून चालले होते. आई सामानापाशी थांबायची.

थोरल्या मुलानं वडिलांची कात्री उचलली आणि तो कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात कटिंग मास्तर होऊन निवृत्त झाला. तेच हे मास्तर. वडिलांची उंचीची भीतीही आपल्यातच उतरली, असं ते अभिमानानं सांगत. घरातला दिवा बदलायचा झाला तर स्टुलावर त्यांची बायको चढे आणि मास्तर खाली स्टूल धरून वंशपरंपरा सांगत. या बायकोला घरात लहानथोर सगळेच वहिनी म्हणत.

"मी बघतो," मास्तर म्हणाले. आयुष्यभर कमीत कमी कापडात जास्तीत जास्त माणूस बसवला होता त्यांनी, खोली म्हणजे काय मोठं! त्यांनी रिसॉर्टला फोन लावला.

"सोळा माणसांची एक खोली हवी होती."

"सर, तुम्हाला समारंभाचा हॉल हवाय का?"

"समारंभ नाही. झोपायचंय."

"सर, हॉलमध्ये झोपता येत नाही."

"न यायला काय झालं? माणसं भाषणं चालू असताना झोपतात."

पलीकडून फोन ठेवला गेला. मग मास्तरांनी खोलीचा नकाशा मागवला, जमिनीवर खडूनं आखला, आणि सोळा माणसांचे सोळा कागद कापून त्यात मांडून बघितले. मांजरपाटावर बाह्या, कॉलर, खिसे लावतात तसे. डोक्याकडे पाय, पायाकडे डोकं.

"अकरा बसतात," तासाभरानं ते म्हणाले. "भावोजींना आडवं लावलं तर बारा."

"आडवं लावलं म्हणजे?" भावोजींनी विचारलं. ते अक्काचे यजमान. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आणि घरात पाण्याचा पेला स्वतःहून न उचलणारे.

"खिडकीखाली. पाय थोडे दुमडून."

"मी माणूस आहे, बाही नव्हे," भावोजी म्हणाले, आणि तो विषय तिथे संपला.

शेवटी तोडगा निघाला. रिसॉर्टची सगळ्यांत जुनी इमारत, सगळ्यांत स्वस्त दिवस, आणि एकाच मजल्यावर ओळीनं चार खोल्या. "चारही दारं उघडी टाकली की झाली एक खोली," मास्तरांनी आईला सांगितलं. आईनं थोडा विचार करून मान हलवली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. फॉर्मवर 'विशेष सूचना' असा एक रकाना होता. रिकामा रकाना मास्तरांना उसवलेल्या शिवणीसारखा दिसतो, म्हणून त्यांनी पुतणीला सांगून त्यात लिहवून घेतलं: 'आमची सोळाही माणसं एकाच कापडाच्या कपड्यांत येतील. ओळखणं सोपं जाईल.'

होय, कपडे. एवढं सगळं पूर्वीसारखं करायचं तर कपडे का सोडा? मास्तर आपल्या जुन्या कारखान्यात गेले आणि मागच्या फळीवर त्यांना चक्क तोच तागा दिसला. गडद निळा, बारीक पिवळी रेघ. त्यांनी कापड गालाला लावून बघितलं. नवा कटिंग मास्तर म्हणाला, "तुम्ही गेल्यानंतरच्या एका ऑर्डरचं उरलंय. न्या की." ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. मास्तरांनी त्यात फुकटचा तागा घातला आणि ऑर्डर कुणाची होती ते विचारलं नाही.

घरी त्यांनी तागा उलगडला तेव्हा आई त्या पिवळ्या रेघेवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझ्या झग्याला खिसा ठेव." मास्तरांना वाटलं, आई खूश झाली. तशी ती झालीही होती.

ठरल्या दिवशी सोळा निळी माणसं रिसॉर्टच्या दारात उतरली. काउंटरवरच्या तरुणानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, मग पुन्हा कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"सर, जुन्या इमारतीचं रंगकाम निघालंय. पण काळजी करू नका, त्याच भाड्यात तुम्हाला वरच्या दर्जाच्या खोल्या दिल्यात. एक जंगल, एक समुद्र, एक अंतराळ, एक राजवाडा."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. आईला कमी ऐकू येतं, पण नको ते नेमकं ऐकू येतं. ती वळली, सगळ्यांत मोठ्या बॅगेवर बसली आणि म्हणाली, "परतीची गाडी कितीची आहे?"

मास्तरांनी तरुणाला परोपरीनं समजावलं. नियम दोघांनाही पाठ होते, एकाला रिसॉर्टचे आणि दुसऱ्याला आईचे. तेवढ्यात तरुणाची पाळी संपली. तो चार किल्ल्या काउंटरवर तशाच ठेवून, "पुढचे येतील ते बघतील," असं म्हणून निघून गेला. पुढचे काही येईनात. मास्तर काउंटरला टेकून उभे राहिले. एवढी वर्षं कात्री चालवली, पण आईचं एक मागणं काही बेतता आलं नाही, आणि आता ही परत निघाली की पुन्हा कधी काही मागणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांना रडू यायच्या बेतात होतं.

"आलात एकदाचे!"

मागून एक बाई तरातरा येत होत्या. हातात वॉकीटॉकी, छातीवर 'सुपरवायझर' अशी पट्टी, आणि अंगात गडद निळा, बारीक पिवळ्या रेघेचा शर्ट.

मास्तरांनी तो शर्ट पाहिला. मग स्वतःचा पाहिला. ताग्याचं मूळ कुठे होतं ते त्यांना तिथल्या तिथे कळलं.

"सकाळपासून वाट बघतेय," बाई म्हणाल्या. "बस बंद पडली ना? मुकादमाचा फोन आला होता. किती आहात, सोळा? बरोबर. पोरंसोरं पण घेऊन आलात? कितीदा सांगितलं कंत्राटदाराला! आणि त्या आजी काय करतात?"

"त्या... काज-बटण," मास्तर म्हणून गेले. त्यात खोटं काही नव्हतं. आईनं जन्मभर तेच केलं होतं.

"बरं झालं. बटणं तुटलेले पन्नास शर्ट पडलेत. चला, आधी सामान ठेवा. तुमची सोय मागच्या हॉलमध्ये."

"अहो बाई, तुमचा काहीतरी..." मास्तरांनी सुरुवात केली.

"खाटा सोळाच आहेत, एका खोलीत. सांभाळून घ्या," बाई म्हणाल्या.

मास्तरांचं वाक्य तिथेच थांबलं. पुढे त्यांनी ते कधी पूर्ण केलं नाही.

हॉल पार्कच्या अगदी मागे होता. पत्र्याचं छप्पर, एका रांगेत खिडक्या आणि त्यांच्या खाली ओळीनं खाटा. आई दारात थबकली. मग कुणाचाही हात न धरता सरळ तिसऱ्या खिडकीपाशी गेली, चप्पल काढून पायाच्या अंगठ्यानं खाटेखालची फरशी चाचपली आणि खाटेवर बसली.

"हेच," ती म्हणाली. "इथेच मुक्काम. कशी शोधलीस रे?"

आईच्या तोंडावर तसं हसू घरात कुणी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. ते पाहिल्यावर मास्तरांनी इतरांना बाहेर बोलावलं आणि घडला प्रकार सांगितला.

"म्हणजे आपण फुकट राहायचं?" वहिनींनी विचारलं.

"फुकट नाही. काम करायचं."

"काम?" भावोजी म्हणाले.

"आजचा दिवस निभावू. आई इथे एक रात्र झोपली की उद्या मी स्वतः जाऊन खरं काय ते सांगतो. आईला यातलं अक्षर कळता कामा नये."

"अहो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आत्ताच सांगून टाका," वहिनी म्हणाल्या. त्यांचं बोलणं शहाणपणाचं होतं, त्यामुळे कुणी ऐकलं नाही. शिवाय तोवर सुपरवायझरबाई कागद घेऊन आल्याच होत्या.

धाकट्याला आकाशपाळण्याच्या रांगेवर नेमलं. तो तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होता आणि निवृत्त झाल्यापासून त्याला ओरडायला कुणी मिळालं नव्हतं. "पुढे सरका! पुढे जागा आहे! दारात गर्दी नको!" अशी एक आरोळी त्यानं ठोकली, आणि जिथे तासभर धक्काबुक्की चालली होती तिथे लोक आपोआप दोन-दोनच्या ओळीत उभे राहिले. आईबापांच्या कडेवरची पोरंसुद्धा सरळ बसली.

अक्काकडे खोल्यांच्या चादरी आल्या. अक्का मोठ्या रुग्णालयात मेट्रन होती. तिनं पहिली चादर अशी घट्ट खोचली की पाहुण्याला रात्री आत शिरायला जागा सापडू नये. मग तिथल्या चार पोरींना रांगेत उभं करून तिनं त्यांची नखं तपासली. दुपारपर्यंत त्या पोरी तिला "सिस्टर" म्हणायला लागल्या. पुतणीला माहिती खिडकीवर बसवलं. तिथे लोक विचारत, "आम्ही दहाजण आहोत, एक खोली मिळेल का?" आणि ती मनापासून सांगे, "फॉर्म पुढे सरकत नाही हो." वहिनींनी लहान पोरं सांभाळायला घेतली. पोरांची तर चंगळच झाली. निळे कपडे पाहून प्रत्येक पाळण्यावरचा माणूस "आपल्यातलीच आहेत" म्हणून त्यांना तिकीट न मागता आत सोडत होता.

आणि भावोजींना मिळाली सामानाची ढकलगाडी.

"मी हे करणार नाही," भावोजी म्हणाले. पण एका वृद्ध जोडप्याची बॅग त्यांनी नाइलाजानं वर नेली, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "किती छान उचललीत हो! आमच्या ह्यांना जमत नाही." भावोजींना असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, मुख्य म्हणजे अक्कानं म्हटलं नव्हतं. त्यानंतर ढकलगाडी त्यांच्या हातातून काढून घ्यायची कुणाची हिंमत झाली नाही.

मास्तरांकडे कुठलंच काम नव्हतं, म्हणून ते धास्तावून फिरत होते. चोराच्या मनात चांदणं. कुणी हाक मारली की दचकत. दुपारी ते हॉलमध्ये डोकावले, तर आई तिसऱ्या खिडकीखाली बसून, झग्याच्या खिशातून आणलेल्या सुईदोऱ्यानं शर्टांना बटणं लावत होती. बाजूला झालेल्या शर्टांची घडी घातलेली चळत होती.

"अगं, हे कशाला?"

"कुणीतरी आणून ठेवले. म्हटलं, रिकामं काय बसायचं?" आईनं दोरा दातानं तोडला. "बाहेर जा तू. पाळण्यात बस."

"मला उंची सोसत नाही, ठाऊक आहे ना तुला. बाबांसारखंच."

आईनं त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. काही बोलणार होती, पण सुईत दोरा ओवायला घेतला. मास्तर मान खाली घालून बाहेर पडले. आईला आराम द्यायला आणलं आणि कामाला जुंपलं, या विचारानं त्यांना चहासुद्धा गोड लागला नाही.

ऊन उतरता उतरता भावोजी शीळ घालत हॉलकडे आले. हातात एक नोट होती.

"बक्षीस!" ते म्हणाले. "आयुष्यातलं पहिलं. मोठी पार्टी होती, सोळाजण. त्यांचं सगळं सामान मी एकट्यानं चढवलं. त्यांचा पुढारी तर फारच भला माणूस. म्हणाला, 'काका, या वयात कशाला ओझी उचलता?' आणि गंमत म्हणजे, कपडे अगदी आपल्यासारखे."

मास्तर खाटेवर बसले. "कुठल्या खोल्यांत चढवलं सामान?"

"चार ठिकाणी पळवलं बुवा. जंगल, समुद्र, अंतराळ..."

"आणि राजवाडा," मास्तर म्हणाले.

झालं होतं ते अगदी सरळ होतं. खऱ्या बदली कामगारांची बस दुरुस्त होऊन दुपारी दारात लागली. काउंटरवर नवीन माणूस आलेला. त्याच्यापुढे चार किल्ल्या आणि कॉम्प्युटरमध्ये मास्तरांनी हौसेनं लिहवलेली सूचना: सोळा माणसं, एकाच कापडात, ओळखणं सोपं जाईल. त्यानं ओळखलं. हात जोडून स्वागत केलं, प्रत्येकाला थंड सरबत दिलं आणि किल्ल्या हातात ठेवल्या. मुकादमाला वाटलं, यंदा कंत्राटदाराला देवानं बुद्धी दिली.

पाचच मिनिटांत सुपरवायझरबाई मुकादमाला घेऊन हॉलच्या दारात उभ्या राहिल्या. एव्हाना बाकीची मंडळीही कामावरून परतली होती. बाईंच्या नाकपुड्या फुलल्या होत्या.

"तुम्ही कोण आहात?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

मास्तर उठले. आईसमोर हे व्हायला नको होतं. दिवसभर मनात जुळवलेली सगळी वाक्यं ऐन वेळी पळून गेली.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी फसवलं तुम्हाला. आईला सगळ्यांबरोबर एका खोलीत झोपायचं होतं, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. हिला यातलं काही माहीत नाही."

"मला नाही?" आई म्हणाली. तिनं हातातला शर्ट बाजूला ठेवला. "काही माहीत नाही ते तुला. बाई, तुम्ही आधी बसा बघू. उभ्या उभ्या रागावू नये, पाय दुखतात."

सुपरवायझरबाई का कोण जाणे, पण बसल्या.

"या खाटेखाली बघा. फरशीला चार भोकं आहेत. दिसली? तिथे याच्या बाबांचं मशीन असायचं, पाय ठोकून बसवलेलं. पोरं आत आली की त्यावर चादर पडायची. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीचे दोन दिवस बागेच्या सगळ्या माणसांचे कपडे ते इथे बसून दुरुस्त करून द्यायचे. मी बटणं लावायची. त्याबदल्यात आपल्याला या खाटा मिळायच्या, जेवण मिळायचं, आणि तुम्हाला पाळण्यात बसायला मिळायचं." शेवटचं वाक्य तिन्ही मुलांना होतं.

मास्तरांना एकदम तो वास आठवला. जुन्या मुक्कामाच्या खोलीला मशीनच्या तेलाचा वास यायचा. बाबांच्या हातांनाच तो असायचा, असं त्यांनी इतकी वर्षं धरलं होतं.

"पण कपडे?" धाकट्यानं विचारलं. "गर्दीत हरवू नये म्हणून ना?"

"कसली गर्दी रे तेव्हा? कापड बागेचंच उरलेलं. ते अंगावर असलं की बागेतली पोरं म्हणून तुम्हाला कुणी तिकीट विचारायचं नाही. तिकिटाला पैसे कुठून आणणार होते ते?" आई मास्तरांकडे वळली. "तू तागा उलगडलास, तेव्हा मला वाटलं, तुला सगळं कळलंय. म्हणून तर हा हॉल शोधलास."

"आणि बाबांची उंचीची भीती?" मास्तरांनी विचारलं.

"भीती? अरे, देवळाच्या शिखरावरसुद्धा माणूस सरसर चढायचा! त्यांना पाळण्यात बसायला सवड नव्हती. तुम्ही विचारलंत, बाबा का बसत नाहीत, तर म्हणाले, सांग भीती वाटते म्हणून. पोरांना काम दिसलं तर पोरं खेळायची नाहीत."

अक्कानं पदर डोळ्यांना लावला. धाकटा, ज्याचा आवाज तीन बसथांब्यांपर्यंत जातो, तो खिडकीबाहेर बघत राहिला. मास्तरांनी वाकून फरशीतल्या एका भोकावर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ उचललं नाही.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. "मॅडम, पाळण्यावरचे ते काका उद्या आहेत का? रांग इतकी सरळ कधीच नव्हती." तो संपतो न संपतो तोच दुसरा आवाज आला. "मॅडम, चादरीवाल्या सिस्टरना विचारा ना, उशांचं कसं करायचं?"

सुपरवायझरबाईंनी यंत्र बंद केलं. "मुकादम, तुमची माणसं राजवाड्यातून काढा आता."

"कशी काढू, बाई?" मुकादम अजिजीनं म्हणाला. "समुद्रवाले टबात बसलेत आणि जंगलवाले पडल्या पडल्या घोरायला लागले. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

बाईंनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा पन्नास शर्टांच्या चळतीकडे. एक शर्ट उचलून त्यांनी बटण ओढून बघितलं. बटण जागचं हललं नाही.

"खोल्यांत सोळा, हॉलमध्ये सोळा," त्या शेवटी म्हणाल्या. "माझा आकडा जुळतो. कोण कुठे झोपलं ते आकड्यात येत नाही. पण आजोबा, एक सांगू? इथल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला निम्म्या भाड्यात राहता येतं. फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. आधीच भरला असतात तर?"

तो फॉर्म मास्तरांनी तिथेच भरला. 'कर्मचाऱ्याचं नाव' या रकान्यात वडिलांचं नाव लिहिलं. 'हुद्दा' या रकान्यात लिहिलं, शिंपी. फक्त 'विशेष सूचना' हा रकाना त्यांनी जन्मात पहिल्यांदा रिकामा सोडला.

त्या रात्री सोळा माणसं एका ओळीत झोपली. भावोजी आडवेच झोपले, खिडकीखाली, पाय थोडे दुमडून. दिवसभर ओझी वाहिलेल्या माणसाला दिशेचं भान राहत नाही.

सकाळी आई उठली, वेणी घातली आणि म्हणाली, "मला पाळण्यात बसायचंय. मी पण कधी बसले नाही."

सगळे निघाले. आकाशपाळण्याशी धाकटा पहाटेच हजर झाला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आई मास्तरांचा हात धरून हळूहळू त्याच्यासमोर आली.

"तिकीट?" धाकटा म्हणाला. सवय.

आईनं झग्याची बाही चिमटीत धरून पुढे केली. त्यानं ती पिवळी रेघ पाहिली आणि दांडी बाजूला केली. "पुढे सरका," तो एवढ्या हळू म्हणाला की मागच्यांना ऐकूही आलं नाही.

मास्तर तिथेच थबकले. आईनं हात सोडला नव्हता.

"अगं, मला..." ते म्हणाले आणि थांबले. बाबांना भीती नव्हती. मग ही भीती कुणाची, कुठून आली, कशाच्या आधारानं एवढी वर्षं जपली, यातलं त्यांना काहीच सांगता येईना. वहिनी मागून म्हणाल्या, "चढा. आता स्टूल धरायला मी आहे खाली."

पाळणा हलला तसे मास्तरांनी डोळे घट्ट मिटले आणि दांडा दोन्ही हातांनी धरला. कानाशी वारा लागला. खालून पोरांचा आरडाओरडा येत होता, तो हळूहळू विरळ होत गेला. मग पाळणा सगळ्यांत वर जाऊन थांबला.

"ते मला दरवर्षी विचारायचे," आई शेजारून म्हणाली. "म्हणायचे, 'पोरांना वरून आपला हॉल दिसत असेल का गं?' मी म्हणायची, मला काय ठाऊक, मी कधी गेलेय वर? बघ रे, दिसतो का."

"दिसतो," मास्तर म्हणाले. "ते काय, पत्र्याचं छप्पर. ती तिसरी खिडकी."

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपले डोळे उघडे आहेत.